आपल्या छोट्या वेबसाइटला कोण हॅक करणार?

आज बोलूया वेबसाइट हॅकर्सपासून वाचवायची कशी यावर. तुमच्यातले बरेच जण लातूर-नांदेडमध्ये क्लासच्या, हॉस्टेलच्या, दुकानांच्या साइट बनवून देता. आणि मालक हमखास म्हणतो, “आपल्याकडं काय आहे राव हॅक करण्यासारखं?”

जानेवारी २०२१ मध्ये नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेचे १४ कोटींहून जास्त रुपये हॅकर्सनी परस्पर वळवल्याचं उघडकीला आलं. ती केस वेबसाइटची नव्हती, पण गाव लहान म्हणून कुणी सोडत नाही, एवढं त्यातून कळलं. वेबसाइटचंच उदाहरण हवं असेल तर जून २०२२ मध्ये ठाणे पोलिसांची साइट हॅक झाली. पान उघडलं की हॅकर्सचा मजकूर दिसत होता.

आता तुम्ही म्हणाल, पोलिसांच्या साइटवर डोळा असणारच, क्लासच्या साइटवर कशाला? तर तुमची साइट माणूस शोधत नाही, बॉट शोधतो. बॉट म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम. तो दिवसरात्र एकेका साइटचं दार ढकलून बघतो. उघडं मिळालं की आत.

दार उघडं कसं राहतं?

वर्डप्रेसचं ‘फाइल मॅनेजर’ प्लगिन घ्या. ७ लाखांच्या आसपास साइटवर ते बसवलेलं होतं. २०२० मध्ये त्यात एक भोक सापडलं: लॉगिन न करता कुणीही सर्व्हरवर आपली फाइल चढवू शकत होतं. १ सप्टेंबरला दुरुस्त केलेलं ६.९ व्हर्जन आलं. ज्यांनी अपडेट केलं ते सुटले, बाकीच्यांची दारं बॉट ढकलत राहिले. म्हणून अपडेटची सूचना आली की टाळायची नाही, आणि वापरात नसलेलं प्लगिन नुसतं बंद न करता काढूनच टाकायचं.

कोड स्वतः लिहिता?

समजा रिझल्टच्या पानावर रोल नंबरचा बॉक्स आहे. त्यात टाईप केलेलं तुम्ही जसंच्या तसं डेटाबेसच्या क्वेरीत चिकटवता. मग कुणी नंबराऐवजी क्वेरीचाच तुकडा टाईप केला, तर एका पोराऐवजी सगळ्यांचा रिझल्ट बाहेर येऊ शकतो. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. उपाय म्हणजे प्रिपेअर्ड स्टेटमेंट. त्यात क्वेरी आधी ठरते आणि टाईप केलेलं फक्त माहिती म्हणून आत जातं, हुकूम म्हणून नाही.

बाकी तीन गोष्टी

पासवर्ड: क्लासचं नाव आणि पुढं १२३, हे बॉट पहिल्या काही प्रयत्नांतच ओळखतो. लांब पासवर्ड ठेवा, सोबत मोबाइलवरच्या कोडचं टू-फॅक्टर लावा.

बॅकअप: त्याच सर्व्हरवर ठेवलेला बॅकअप साइटसोबतच जातो. दर आठवड्याला दुसरीकडं कॉपी ठेवा आणि कधीतरी ती परत चढवून बघा.

कुलूप: ब्राउझरमधलं एचटीटीपीएस म्हणजे साइट सुरक्षित, असं नाही. त्यानं फक्त वाटेत माहिती कुणी वाचत नाही. घराचं दार उघडंच असेल तर त्याचा उपयोग नाही.

आणि “आपल्याकडं काय आहे?” याचं उत्तर ॲडमिशनच्या फॉर्ममध्ये आहे. पोराचं नाव, मार्क, आधारची कॉपी, बापाचा मोबाइल नंबर. हे हातात आलं की “तुमच्या मुलाची फी राहिली आहे” असा फोन एखाद्या शेतकऱ्याला जातो, आणि समोरच्याला सगळं खरंखरं माहीत असतं म्हणून तो पैसे भरतो. म्हणून गरज नसेल तर आधार मागूच नका. जे साठवलंच नाही, ते चोरीला जात नाही.

कुणाचे पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. पहिले काही तास फार मोलाचे असतात.

आज एवढंच. हा भाग तुमच्या क्लासवाल्या सरांना नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!