जुन्या ट्रॅक्टरचे दिवे मंद का होतात? स्विचमागचा कपलर तपासा



पीक, खत आणि औषध यांविषयी आपण नेहमीच बोलतो. आज थोडे यंत्राकडे वळू. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर दिवसा शेतात आणि रात्री रस्त्यावर असतो. अशा वेळी जुन्या ट्रॅक्टरची एक तक्रार हमखास ऐकू येते. दिवे लावले की चांगले लागतात, दहा-पंधरा मिनिटांनी पिवळे पडतात, चाक खड्ड्यात गेले की विझतात आणि डॅशबोर्डवर थाप मारली की पुन्हा लागतात! मागे भरलेली ट्रॉली आणि पुढे अंधार, ही वेळ कोणावर येऊ नये.

बहुतेक जण आधी बल्ब बदलतात, मग बॅटरीला दोष देतात. खरा दोष पुष्कळदा दिव्याच्या स्विचमागे असलेल्या प्लॅस्टिकच्या कपलरमध्ये असतो. बॅटरीकडून आलेली वायर आणि दिव्यांकडे जाणारी वायर या कपलरमधूनच स्विचला जोडलेली असते.

दोष कसा होतो?

पाइपलाइनच्या एका सांध्यात गाळ बसला तर मोटर चांगली असूनही शेवटच्या नळीला पाणी कमी पडते. विजेचेही तसेच आहे. बल्बवर ५५ वॅट लिहिले असेल, तर दोन बल्बांना ११० वॅट लागतात. बॅटरी १२ व्होल्टची, म्हणजे स्विचमधून सुमारे ९ अँपिअर प्रवाह जातो. कपलरमधली पितळी टर्मिनले घट्ट आणि स्वच्छ असतील तर एवढा प्रवाह सहज जातो. पण धूळ, पावसाचे पाणी आणि हादरे यांमुळे ती सैल होतात. पितळी भांडे कळकते तशी हिरवी कळक त्यांवर चढते. मग प्रवाहाला अडथळा होतो आणि अडथळ्याच्या जागी उष्णता तयार होते.

सांध्यात एक व्होल्ट जरी खर्ची पडला तरी ९ वॅटची उष्णता शेंगदाण्याएवढ्या टर्मिनलवर साठते. त्याने टर्मिनलचा ताण जातो, ते आणखी सैल होते आणि आणखी तापते. शेवटी प्लॅस्टिक वितळते. दुसरीकडे, दिव्यापर्यंत व्होल्टेज दहा टक्के कमी पोहोचले तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. म्हणून मंद दिवा ही नुसती गैरसोय समजू नका. वायरिंग जळण्याची ती आगाऊ सूचना असते.

दोष नेमका कुठे आहे?

एकच दिवा मंद असेल तर त्या दिव्याचा बल्ब, होल्डर आणि बॉडीला जोडलेली अर्थ वायर पाहा. दोन्ही दिवे सारखेच मंद असतील तर दोष दोघांच्या सामाईक वाटेत, म्हणजे स्विच, कपलर, डिपर किंवा बॅटरीकडून येणाऱ्या वायरीत असतो.

दिवे दहा मिनिटे चालू ठेवा आणि कपलरजवळ हात न्या. गरम लागला, जळका वास आला किंवा प्लॅस्टिक तांबूस दिसले, तर चोर सापडला म्हणून समजा. मल्टिमीटर असेल तर दिवे चालू ठेवून त्याची एक तार कपलरच्या येणाऱ्या बाजूला आणि दुसरी जाणाऱ्या बाजूला लावा. ०.२ व्होल्टच्या आत आकडा आला तर सांधा ठीक. अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर दुरुस्ती हवीच.

दुरुस्ती कशी करावी?

१) इंजिन बंद करा, किल्ली काढा आणि बॅटरीची बॉडीला जोडलेली केबल आधी सोडा. असे केले म्हणजे पाना चुकून लोखंडाला लागला तरी ठिणगी उडत नाही. ही केबल बहुधा निगेटिव्ह असते, पण फार जुन्या काही गाड्यांत पॉझिटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली असते. तेव्हा बघून घ्या. हातातली अंगठी आणि कडेही काढून ठेवा.

२) जुन्या वायरींचे रंग उडालेले असतात. कपलर काढण्यापूर्वी प्रत्येक वायरीला टेपचा तुकडा लावून नंबर टाका आणि कागदावर आकृती काढा. कपलर ओढताना प्लॅस्टिक धरा, वायर ओढू नका.

३) टर्मिनल नुसते मळले असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासा आणि मादी टर्मिनल पकडीने किंचित दाबून घट्ट करा. पण ते काळे-निळे पडले असेल तर साफसफाईचा उपयोग नाही. एकदा तापून गेलेल्या पितळेचा ताण परत येत नाही. नवेच घाला. प्लॅस्टिक वितळले असेल तर कपलरही नवा घ्या. दुकानात जाताना जुना नमुना सोबत न्या.

४) टर्मिनलला बारीक जिभली असते. बारीक स्क्रू ड्रायव्हरने ती दाबली की टर्मिनल मागून निघते. वायर कापून आत बघा. तांबे काळे दिसले तर चकचकीत तांबे लागेपर्यंत मागे कापा. वायर अपुरी पडली तर २.५ चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची ऑटो वायर जोडा. घरातल्या फिटिंगची एकेरी जाड तार लावू नका, हादऱ्यांनी ती तुटते.

५) वायरीचे टोक ६ ते ८ मिलिमीटर सोलून टर्मिनल क्रिंपिंगच्या पकडीने दाबा. एक पकड तांब्यावर आणि दुसरी वायरीच्या आवरणावर बसली पाहिजे. मग हाताने ओढून बघा. निघून आले तर दाब कच्चा आहे. वायरी पिळून वर टेप गुंडाळणे ही दुरुस्ती नव्हे. इंजिनाच्या उष्णतेने टेप सुटते आणि तांबे उघडे पडते.

६) स्विचची पातीही तपासा. ती काळी पडली असेल किंवा हलत असेल तर स्विच बदला. नाहीतर जुना स्विच नवे टर्मिनलही जाळील.

७) टर्मिनलवर पेट्रोलियम जेलीचा हलका हात द्या, म्हणजे दमट हवेने कळक धरणार नाही. नंबर पाहून सर्व जोडा. बॅटरीची काढलेली केबल सर्वांत शेवटी लावा. पंधरा मिनिटे दिवे चालू ठेवून कपलर पुन्हा हाताने पाहा. तो थंड किंवा जेमतेम कोमट राहिला पाहिजे.

हे मात्र करू नका

फ्यूज उडतो म्हणून त्याजागी तांब्याची तार गुंडाळू नका. फ्यूज हा राखणदार आहे. त्याला बाजूला केले तर वायरिंग जळेल आणि जवळच डिझेल आहे हे विसरू नका. वरच्या हिशोबाच्या दिव्यांना १५ अँपिअरचा फ्यूज पुरतो.

उजेड वाढावा म्हणून १०० वॅटचे बल्बही लावू नका. प्रवाह १७ अँपिअरच्या आसपास जातो आणि सांध्यातली उष्णता तिपटीहून जास्त होते. जुना स्विच ते सोसत नाही.

स्विच कायमचा वाचवायचा असेल तर मेस्त्रीकडून रिले बसवून घ्या. मग दिव्यांचा मोठा प्रवाह बॅटरीकडून फ्यूजमार्गे रिलेतून जातो आणि स्विचवर फक्त रिले चालू-बंद करण्याचा किरकोळ भार राहतो. हा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच असावा.

हंगामापूर्वीची सवय

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत रस्त्यावर वाहनाचे दिवे लागलेले असले पाहिजेत. नियम दंडासाठी नाही, जिवासाठी आहे. समोरून येणाऱ्या सायकलवाल्याला तुम्ही दिसणे हे तुम्हाला रस्ता दिसण्याइतकेच महत्त्वाचे आहे. म्हणून हंगाम सुरू होण्यापूर्वी एका संध्याकाळी पुढचे दिवे, ट्रॉलीचा मागचा लाल दिवा आणि लाल रिफ्लेक्टर तपासून घ्या. बैलाच्या खुराला नाल ठोकल्याशिवाय आपण त्याला डांबरी रस्त्यावर घालत नाही. ट्रॅक्टरलाही तेवढीच काळजी लागते.