थंडीआधी कूलर बांधा

अकोला-अमरावतीचं नाव उन्हासाठी, घरंही उन्हाच्या हिशेबानंच बांधलेली. पण डिसेंबर-जानेवारीत उत्तरेचा वारा सुटला की पारा अनेकदा 10 अंशांखाली जातो. सुमारे 1,100 मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्यात तर हुडहुडीच भरते.

थंडी आत येते ती मुख्यतः खिडकीतल्या कूलरमधून. दिवाळी आटोपली की टाकी रिकामी करा, तळाचा गाळ खरवडून काढा, ताट्यांचं गवत उन्हात कडक वाळवा आणि कूलर मागून जाड ताडपत्रीनं आवळून बांधा. ओलं गवत कुजतं, पत्रा गंजतो. कूलर काढून खिडकी लावता आली तर सगळ्यात उत्तम. जुन्या घरांत सरकलेली कवेलू बसवून घ्यावीत.

गाद्या पिंजायचीही हीच वेळ. दबलेल्या कापसात हवा उरत नाही, आणि ऊब धरून ठेवते ती हवाच. कापसाच्या मुलखात तरी दडस गादीवर कुणी कुडकुडू नये.

पऱ्हाटीची शेकोटी अंगणातच पेटवा. बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून झोपणं जिवावर बेततं. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे आवर्जून सांगा.