विश्लेषण : दीर्घिकासमूहांच्या वजनावरून विश्वाचा हिशेब कसा लागतो?

आकाशातील दीर्घिकांचे समूह मोजायचे, प्रत्येकाचे वजन काढायचे आणि त्यावरून साऱ्या विश्वाचा हिशेब मांडायचा, हा खगोलशास्त्रातला एक महत्त्वाचा मार्ग. २०१३ मध्ये या मार्गाने आलेले उत्तर विश्वाच्या मान्य प्रारूपाशी जुळले नाही. २०२४ मध्ये दुसऱ्या दुर्बिणीने दिलेले उत्तर मात्र जुळले. हा फरक कशामुळे पडला आणि तो महत्त्वाचा का आहे?

दीर्घिकासमूह म्हणजे काय?

आपली आकाशगंगा ही अब्जावधी ताऱ्यांची एक दीर्घिका. अशा शेकडो, कधी हजारांहून अधिक दीर्घिका परस्परांच्या गुरुत्वाकर्षणाने बांधल्या जातात तेव्हा दीर्घिकासमूह तयार होतो. मोठा समूह साधारण एक कोटी प्रकाशवर्षे पसरलेला असतो. आपल्याला सर्वात जवळचा मोठा समूह कन्या राशीच्या दिशेला, सुमारे साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवर आहे.

छायाचित्रात समूहातील दीर्घिका उठून दिसतात, पण त्यांतील ताऱ्यांचा एकूण वजनातला वाटा जेमतेम काही टक्के असतो. त्याहून कितीतरी अधिक वजन दीर्घिकांच्या मधल्या जागेत पसरलेल्या विरळ वायूचे असते. हा वायू कोट्यवधी अंश तापलेला असल्याने क्ष-किरणांत चमकतो. उरलेला सुमारे ८० ते ८५ टक्के भाग कृष्णद्रव्याचा. ते प्रकाश देत नाही, अडवतही नाही. त्याचे अस्तित्व केवळ गुरुत्वाकर्षणातून कळते.

त्यांचा विश्वाच्या रचनेशी संबंध काय?

विश्व सुरुवातीला जवळपास एकसारखे होते. घनतेतला फरक लाखात एक भाग इतकाच होता. जिथे द्रव्य किंचित जास्त होते, तिथे गुरुत्वाकर्षणाने आणखी द्रव्य ओढले गेले. अब्जावधी वर्षांत त्यातून धाग्यांचे विराट जाळे विणले गेले. या जाळ्यात जिथे धागे एकत्र येतात, त्या गाठींवर दीर्घिकासमूह आहेत. धाग्यांच्या मध्ये कोट्यवधी प्रकाशवर्षांच्या जवळजवळ रिकाम्या पोकळ्या आहेत.

गुरुत्वाकर्षणाने बांधलेल्या रचनांमध्ये समूह सर्वात मोठे आणि सर्वात उशिरा तयार झालेले. त्यामुळे त्यांची संख्या दोन गोष्टींबाबत फार संवेदनशील असते : विश्वात एकूण द्रव्य किती आणि ते किती गुठळ्या-गुठळ्यांनी गोळा झाले आहे. विश्वाच्या प्रसरणाला वेग देणारी कृष्णऊर्जा नव्या गुठळ्या होऊ देत नाही. म्हणून कोणत्या काळात किती वजनाचे किती समूह होते, हे कळले की द्रव्य आणि कृष्णऊर्जा यांच्यातील रस्सीखेच मोजता येते. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, तसाच हा प्रकार.

न दिसणाऱ्या द्रव्याचा सुगावा कसा लागला?

१९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांनी कोमा समूहातील दीर्घिकांचे वेग तपासले. हा समूह ३० कोटी प्रकाशवर्षांहून दूर आहे. दीर्घिका इतक्या वेगाने फिरत होत्या की दिसणाऱ्या ताऱ्यांच्या गुरुत्वाकर्षणाने त्या धरून ठेवणे शक्य नव्हते. समूह केव्हाच विखुरायला हवा होता. तिथे न दिसणारे पुष्कळ द्रव्य असले पाहिजे, असा निष्कर्ष झ्विकी यांनी काढला. पुढे १९७० च्या दशकात क्ष-किरण उपग्रहांनी तप्त वायू शोधला. त्याने या तुटीचा काही भाग भरून निघाला, सगळा नाही.

२००६ मध्ये ‘बुलेट’ समूहाच्या निरीक्षणाने मोठा पुरावा दिला. तिथे दोन समूह एकमेकांवर आदळले आहेत. टकरीत वायू अडखळून मागे राहिला, पण वजनाचा मोठा भाग दीर्घिकांसोबत आरपार पुढे निघून गेला. सर्वाधिक वजन वायूचेच असते तर ते वायूपाशी आढळायला हवे होते.

समूहाचे वजन कसे काढतात?

समूह मोजणे तुलनेने सोपे. जॉर्ज एबल यांनी १९५८ मध्ये छायाचित्रांच्या पट्ट्या डोळ्यांनी तपासून २,७१२ समूहांची यादी केली होती. खरी अडचण वजनाची, कारण बहुतांश वजन दिसतच नाही. त्यासाठी मुख्यतः तीन मार्ग आहेत.

पहिला झ्विकी यांचा : दीर्घिकांचे वेग मोजणे. दुसरा, वायूचे तापमान व घनता पाहणे. जितका समूह जड, तितका त्यातील वायू तप्त. तिसरा मार्ग गुरुत्वीय भिंगाचा. जाड तळाच्या पेल्यातून पाहिल्यावर मागची अक्षरे वाकडी दिसतात, तसा समूहाच्या गुरुत्वाकर्षणाने त्याच्या मागच्या दीर्घिकांचा प्रकाश वळतो आणि त्यांचे आकार किंचित ताणलेले दिसतात. हजारो दीर्घिकांमधला हा ताण एकत्र मोजला की समूहाचे वजन कळते. त्यात वायूच्या अवस्थेबद्दल काहीही गृहीत धरावे लागत नाही.

२०१३ मध्ये काय जुळले नाही?

युरोपच्या ‘प्लांक’ उपग्रहाने विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचे असतानाचा प्रकाश टिपला. हा आदिम प्रकाश समूहातील तप्त वायूतून जाताना त्यावर खूण उमटते. रशीद सुन्याएव आणि याकोव्ह झेल्डोविच यांनी हा परिणाम आधीच वर्तवला होता. त्या खुणेवरून शोधलेले १८९ समूह ‘प्लांक’च्या चमूने हिशेबात घेतले. त्याच उपग्रहाने टिपलेल्या आदिम प्रकाशावरून जितके समूह अपेक्षित होते, त्यापेक्षा ते बरेच कमी निघाले.

याचे दोन अर्थ संभवत होते. एक, विश्वाच्या प्रारूपात काही उणीव आहे. दुसरा, तराजूच चुकतो आहे. हे वजन वायूच्या निरीक्षणांवर बेतलेले होते आणि त्यात वायू स्थिर आहे असे धरले जाते. प्रत्यक्षात समूहांच्या टकरींमुळे आणि कृष्णविवरांतून सुटणाऱ्या झोतांमुळे तो ढवळला जातो. त्यामुळे वजन कमी भरते, जड समूह हलक्यांच्या रांगेत जातात आणि जड समूह कमी असल्याचे भासते. ही तूट सुमारे २० टक्के असावी असा अंदाज होता. हिशेब जुळण्यासाठी ती ४० टक्क्यांच्या आसपास असायला हवी होती.

‘ई-रोसिटा’ने काय दाखवले?

जुलै २०१९ मध्ये अवकाशात गेलेल्या ‘ई-रोसिटा’ या जर्मन क्ष-किरण दुर्बिणीच्या पहिल्या सहा महिन्यांच्या निरीक्षणांतून निम्म्या आकाशातील १२ हजारांहून अधिक समूहांची यादी तयार झाली. त्यांतील ५,२५९ समूह वापरून फेब्रुवारी २०२४ मध्ये हिशेब मांडला गेला. वजनाचे माप या वेळी गुरुत्वीय भिंगाच्या निरीक्षणांवरून ठरवले होते. विश्वातील द्रव्याचा वाटा सुमारे २९ टक्के निघाला आणि गुठळ्यांचे प्रमाणही आदिम प्रकाशावरून अपेक्षित होते तेवढेच आले.

पण एवढ्याने वाद मिटत नाही. २०२० मध्ये ‘डार्क एनर्जी सर्व्हे’ने समूहांवरून केलेल्या हिशेबात द्रव्याचा वाटा जेमतेम १८ टक्के आला होता. तिथे भिंगाची पद्धत असूनही समूहांची निवड आणि वजन यांत दोष राहिल्याचा संशय संशोधकांनीच व्यक्त केला. म्हणजे नवे भौतिकशास्त्र सापडल्याचा दावा करण्याआधी तराजू तपासणे भाग आहे.

या अभ्यासात पुण्याचा वाटा काय?

२०१७ मध्ये पुण्याच्या ‘आयुका’ आणि ‘आयसर’मधील संशोधकांसह भारतीय चमूने ‘सरस्वती’ हा महासमूह शोधला. सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवरील या रचनेत किमान ४३ समूह असून ती ६० कोटी प्रकाशवर्षांहून अधिक पसरली आहे. तिचे वजन सुमारे २ कोटी अब्ज सूर्यांइतके आहे. इतक्या जुन्या काळात एवढी मोठी रचना कशी घडली, हा प्रश्न त्यातून पुढे आला.

नारायणगावजवळ खोडद येथील ‘जीएमआरटी’ या ३० अँटेनांच्या रेडिओ दुर्बिणीचा उपयोग समूहांतील उलथापालथ पाहण्यासाठी होतो. सुमारे ३९ कोटी प्रकाशवर्षांवरील भुजंगधारी समूहात कृष्णविवराच्या उद्रेकाने वायूत केलेली प्रचंड पोकळी २०२० मध्ये समोर आली. त्या शोधात ‘जीएमआरटी’ची निरीक्षणे होती. असे उद्रेक वायूला किती हलवतात हे कळले, तर वायूवरून काढलेले वजन किती विश्वासार्ह हेही ठरवता येते.

पुढे काय?

जपानचा ‘क्रिझम’ उपग्रह सप्टेंबर २०२३ पासून अवकाशात असून समूहांतील वायूचा वेग थेट मोजतो आहे. जुलै २०२३ मध्ये गेलेली युरोपची ‘युक्लिड’ दुर्बीण सुमारे एक तृतीयांश आकाशातील दीर्घिकांचे आकार टिपत आहे. चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेची पहिली छायाचित्रे जून २०२५ मध्ये आली. तिचे सर्वेक्षण दहा वर्षे चालणार आहे. या दोघींमुळे गुरुत्वीय भिंगाचे माप कितीतरी अधिक समूहांना लावता येईल.

याच काळात ‘डेसी’ या सर्वेक्षणाने कृष्णऊर्जा काळानुसार बदलत असावी असे संकेत २०२४ आणि २०२५ मध्ये दिले आहेत. ते खरे ठरले तर विश्वाच्या भवितव्याचे आजचे चित्र बदलेल. कृष्णऊर्जेचा परिणाम समूहांच्या वाढीवर होत असल्याने हे संकेत पडताळण्यासाठी समूहगणना ही स्वतंत्र कसोटी आहे. ती कितपत खरी ठरेल, हे किती समूह सापडले यापेक्षा ते किती अचूक तोलले गेले, यावर अवलंबून असेल.