कसारा घाटात गाडी दम का टाकते? उंचीचा दोष किती अन् देखभालीचा किती, समजून घ्या

निफाड : वाशीला माल उतरवून परतीचं भाडं भरलेली पिकअप कसारा घाटाला लागली, की तिसरा गिअर पेलत नाही, टेंपरेचरचा काटा वर सरकतो अन् मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू होतात. "वर हवा पातळ असते, त्यामुळं गाडी ओढत नाही," असं मग टपरीवर ठामपणे सांगितलं जातं. कुणी फिटरकडं जाऊन पंप खोलायला लावतो, कुणी नोझल बदलतो. उंचीवर हवा पातळ होते, हे खरंच आहे. पण कसाऱ्यात ती किती पातळ होते, याचा हिशेब लावला तर बराच खर्च वाचू शकतो.

इंजिन डिझेलपेक्षा हवा जास्त खातं

इंजिनला जाळायला इंधन लागतं, तशीच हवाही लागते. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. लिटरच्या भाषेत सांगायचं तर एक लिटर पेट्रोलमागं सुमारे नऊ हजार लिटर हवा. जसजसं वर जावं तसतसा हवेचा दाब कमी होतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण वरही २१ टक्केच असतं, पण हवाच विरळ झाल्यानं सिलिंडरच्या प्रत्येक घोटात ऑक्सिजन कमी येतो. ऑक्सिजन कमी म्हणजे इंधन कमी जळणार, अन् ताकद कमी मिळणार.

मोटामोटी हिशेब असा : टर्बो नसलेल्या इंजिनची ताकद दर ३०० मीटर उंचीला सुमारे ३ टक्के घटते. निफाड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. म्हणजे मुंबईच्या मानानं आपल्याकडं गाडीची ताकद आधीच पाचेक टक्के कमी आहे, पण रोजच्या वापरात ते कुणाला जाणवत नाही.

कसाऱ्यात नेमकं किती जातं?

कसारा ते इगतपुरी हा चढ सुमारे ३०० मीटरचा. म्हणजे ७० हॉर्सपॉवरच्या गाडीचे हवेमुळं जातात जेमतेम दोन हॉर्सपॉवर. आता दुसरी बाजू बघा. मालासकट तीन टनांची गाडी, वीस मीटरला एक मीटर चढ आणि ताशी ४० किलोमीटर वेग धरला, तर नुसतं वजन वर उचलायलाच २० ते २२ हॉर्सपॉवर लागतात. पळण्यासाठी लागणारी ताकद वेगळीच. म्हणजे घाटात गाडीला दमवतो तो चढ आणि माल. पातळ हवेचा वाटा फार थोडा.

महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच ठिकाण कळसूबाई, १,६४६ मीटर. तिथंसुद्धा मुंबईच्या मानानं हवा १५ टक्क्यांच्या आसपासच विरळ असते. राज्यातल्या कुठल्याही घाटात गाडी अगदीच ओढत नसेल, तर दोष उंचीवर ढकलता येणार नाही.

उन्हानंही हवा पातळ होते

निफाडकरांना ही गोष्ट घरबसल्या समजेल. हिवाळ्यात इथं पारा पाच अंशांच्या खाली जातो, द्राक्षबागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. उन्हाळ्यात तोच पारा चाळिशी गाठतो. गरम हवा विरळ असते. पाच अंशांच्या हवेपेक्षा चाळीस अंशांची हवा सुमारे ११ टक्के पातळ. इगतपुरीपासून कळसूबाईच्या टोकापर्यंत चढलं तर जेवढा फरक पडतो, जवळपास तेवढाच हा फरक. थंडीत पहाटे गाडी चपळ वाटते आणि मे महिन्यात दुपारी जड, त्याचं एक कारण हेच.

कुठल्या गाडीला किती फरक?

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत हवा घटली तरी पेट्रोल तेवढंच येतं. फार उंचावर त्यामुळं काळा धूर निघतो, प्लग काळे पडतात, ॲव्हरेज घसरतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि दुचाकींतही फ्युएल इंजेक्शन आलं. त्यात सेन्सर हवा मोजून पेट्रोल कमी-जास्त करतो. धूर टळतो, पण गेलेली ताकद परत येत नाही.

टर्बोवालं डिझेल इंजिन हवा दाबून आत घेतं. त्यामुळं उंचीचा फटका त्याला कमी बसतो. मात्र आरपीएम पडला की टर्बोही थंडावतो, म्हणून चढाला वेळेत खालचा गिअर टाकणं महत्त्वाचं. सीएनजीवर तीच गाडी पेट्रोलपेक्षा साधारण दहा टक्के कमी ताकद देते, कारण गॅस हवेची जागा अडवतो. इलेक्ट्रिक गाडीला हवाच लागत नाही.

उंचीचा खरा झटका बसतो तो लडाखमध्ये. लेह ३,५०० मीटरवर आहे, तिथं टर्बो नसलेल्या इंजिनची सुमारे ३० टक्के ताकद जाते. ५,३५९ मीटरच्या खारदुंगला खिंडीत ही घट ४० टक्क्यांवर पोचते. बाईकवर तिकडं निघणाऱ्या पोरांनी हे लक्षात ठेवून सामान भरावं.

मग घाटाआधी काय बघायचं?

- एअर फिल्टर : शिवाररस्त्याच्या धुळीनं तुंबलेला फिल्टर इंजिनचा श्वास उंचीपेक्षा जास्त कोंडतो. हवा मारताना नळी फार जवळ धरू नका, कागद फाटतो.
- रेडिएटर : जाळीतला कचरा काढा, कूलंटची पातळी आणि फॅन तपासा. गाडी तापली तर बाजूला घेऊन थंड होऊ द्या. गरम रेडिएटरचं झाकण कधीच उघडू नका, उकळतं पाणी अंगावर येतं.
- टर्बोची रबरी नळी : ती फाटली किंवा क्लिप सैल झाली की ताकद एकदम पडते, काळा धूर निघतो.
- माल : पासिंगपेक्षा जास्त क्रेट भरले तर वर चढताना इंजिन आणि खाली उतरताना ब्रेक, दोन्ही हरतात.

शेवटचा मुद्दा सगळ्यात मोलाचा. आपला माल मुंबईला जातो तेव्हा भरली गाडी कसारा घाट उतरत असते. ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका. सारखा ब्रेक दाबला की लायनर तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक लागत नाही. चढताना गाडी दमली तर फार तर तासभर उशीर होतो. उतरताना ब्रेक गेला, तर गाडी थांबवायला दुसरं काही हाताशी उरत नाही.