धडकणारं विमान जागचं हलत नाही

१२ नोव्हेंबर १९९६ च्या संध्याकाळी दिल्लीच्या हवाई नियंत्रकाने उतरायला येणाऱ्या कझाक विमानाला रेडिओवर कळवलं: समोरून सौदीचं बोइंग ७४७ येतंय, अंतर १४ मैल, दिसलं की सांगा. कझाक विमानाने १५,००० फुटांवर थांबायचं होतं, सौदी विमान १४,००० वर होतं. कझाक विमान ठरल्या उंचीच्या खाली उतरलं आणि हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात दोन्ही एकमेकांवर आदळली. ३४९ माणसं गेली, एकही वाचलं नाही.

ही उपकरणांच्या आधाराने उडणारी मोठी विमानं. फ्लाइंग क्लबच्या छोट्या विमानात मात्र ‘दिसलं की सांगा’ यावरच मोठी भिस्त असते आणि या दिसण्याबद्दलच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

‘आकाश एवढं मोठं, धडक होईलच कशी?’ आकाश मोठं आहे, पण सगळ्यांना उतरायचं असतं एकाच धावपट्टीवर. बहुतेक टकरी विमानतळाच्या आसपास, दिवसाढवळ्या आणि स्वच्छ हवेत होतात. त्यातही उतरतानाचा शेवटचा टप्पा वाईट. ज्याचे पंख खाली असतात त्या विमानाला खालचं दिसत नाही, सेस्नासारख्या वरच्या पंखांच्या विमानाला वरचं दिसत नाही. पहिलं दुसऱ्याच्या डोक्यावर आलं, की दोघेही शिस्तीत, एकमेकांना न दिसता, एकाच रनवेकडे उतरत राहतात.

‘जवळ येणारं विमान हलताना दिसेलच.’ सर्वांत घातक समज हाच. आपली नजर हालचाल टिपते. पण सरळ मार्गाने धडकेच्या दिशेने येणारं विमान काचेवर एकाच जागी राहतं, डावीउजवीकडे सरकत नाही. बराच वेळ नुसता ठिपका असतो, मग अचानक फुगतो. पाहणं, ओळखणं, धोका कळणं, ठरवणं आणि विमान वळणं यांना मिळून साधारण साडेबारा सेकंद लागतात, असा अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाचा हिशेब आहे. १०० नॉट वेगाची दोन विमानं समोरासमोर असतील तर तेवढ्यात त्यांच्यातलं जवळपास १,३०० मीटर अंतर संपतं. आणि १,३०० मीटरवरून सेस्नाच्या पंखांची अख्खी रुंदी दिसते ती हात लांब करून धरलेल्या तुरीच्या दाण्याएवढी.

‘नजर सतत फिरवत राहायची.’ फिरत्या नजरेला फारसं काही दिसत नाही, ती थांबावी लागते. म्हणून आकाशाचे दहा-दहा अंशांचे तुकडे पाडून प्रत्येकावर निदान सेकंदभर थांबायला शिकवतात. रिकाम्या आकाशात डोळे नकळत एक-दोन मीटरवर स्थिरावतात, हीही एक गंमत. त्यामुळे मधूनमधून दूरची टेकडी किंवा पंखाचं टोक बघून घ्यायचं. विमान समोरासमोर आलंच तर दोघांनीही उजवीकडे वळायचं, हा नियम जगभर एकच.

‘नियंत्रक बघतोय ना!’ १९९६ मध्ये दिल्लीच्या रडारला विमान कुठे आहे ते कळे, किती उंचीवर आहे ते नाही. त्या अपघातानंतर येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांच्या वाटा वेगळ्या झाल्या, मोठ्या विमानांना टक्करविरोधी यंत्रणा सक्तीची झाली. पण समोरच्या विमानाचा ट्रान्सपॉन्डर, म्हणजे स्वतःची माहिती रेडिओने कळवणारं उपकरण, बंद असेल तर ही यंत्रणाही आंधळी.

गोंदियात किंवा बारामतीत विमान चालवायला शिकणाऱ्या पोराच्या विमानात ही यंत्रणा सहसा नसतेच. त्याने उड्डाणाआधी समोरची काच स्वतः पुसावी. तिच्यावरचा किड्याचा डाग आणि दोन किलोमीटरवरून सरळ अंगावर येणारं विमान, दोन्ही जागचे हलत नाहीत.