उपचार केंद्राची खरी परीक्षा

इजिप्तमध्ये कालव्याच्या पाण्यात उतरणाऱ्या शेतकऱ्यांना गोगलगायींमुळे पसरणारा कृमिरोग जडत असे. त्यावर १९५० नंतर सुमारे तीस वर्षे सरकारने गावोगावी इंजेक्शने दिली. सुया नीट न उकळता पुन्हा वापरल्या गेल्या आणि यकृत नासवणारा हेपटायटिस सी लाखोंच्या रक्तात शिरला.

२००६ साली तेथे राष्ट्रीय समिती नेमली गेली व उपचार केंद्रे निघाली. २०१४ पासून नव्या गोळ्या आल्या. २०१८-१९ मध्ये सुमारे ५ कोटी लोकांची तपासणी झाली.

अशा केंद्राचे काम कसे जोखावे? नुसती नोंदवहीतील नावे मोजून नव्हे. पहिल्या तपासणीत दोष निघालेल्या किती जणांची विषाणूची तपासणी झाली? किती जणांनी गोळ्या सुरू केल्या, किती जणांनी पुऱ्या केल्या? आणि शेवटच्या गोळीनंतर १२ आठवड्यांनी किती जण पुन्हा रक्त देण्यास आले? त्या वेळी विषाणू सापडला नाही, तरच रोग बरा झाला म्हणायचे. पुष्कळांना बरे वाटू लागते, मग ते फिरकतच नाहीत. त्यांना परत बोलावते ते केंद्र चांगले.

आपल्याकडेही २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी व औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. वाचकहो, घरात कोणी या गोळ्या घेत असेल, तर शेवटच्या तपासणीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा.