मालकाचा मार आणि आमचे मौन

१६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब कामाठीपुऱ्यातील भगिनींशी बोलले. श्रोत्यांत देवदासी होत्या, जोगतिणी होत्या. आमच्याबरोबर यायचे तर हे जिणे सोडा, असे त्यांनी स्पष्ट बजावले. ते भाषण आम्ही अभिमानाने सांगतो. पण ज्यांना धंदा सोडता आला नाही त्यांचे पुढे काय झाले, हे विचारत नाही.

गिऱ्हाइकाच्या आणि पोलिसांच्या जुलमावर अधूनमधून लिहून येते. 'मालका'वर कोणी लिहीत नाही. मालक म्हणजे तिचा कायमचा माणूस. त्याच्या नावाचे कुंकू, पोरांच्या दाखल्यावर त्याचेच नाव, आणि पुष्कळदा त्याचे पोट तिच्याच कमाईवर! गिऱ्हाइकाला निरोधाशिवाय जवळ न करणारी बाई मालकापुढे गप्प बसते. निरोध म्हणजे धंदा, तो नसला म्हणजे संसार, असा त्या खोलीतला हिशेब. मग एचआयव्हीचा रिपोर्ट येतो. कोणाकडून कोणाला लागण झाली हे तो रिपोर्ट सांगत नाही. तरी दोष तिचा, मारही तिलाच. गोळ्यांची डबी धान्याच्या डब्यात लपवावी लागते. नियमित गोळ्या घेऊन रक्तातला विषाणू दबला तर शरीरसंबंधातून लागण होत नाही, हे आज सिद्ध झाले आहे. मारहाणीच्या भीतीने गोळी चुकते ती याच घरात.

हे सरकारला ठाऊक नाही असे नाही. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. जोडीदाराला कळवल्यास बाईला मारहाण होईल किंवा तिला टाकून दिले जाईल अशी रास्त भीती असेल, तर डॉक्टरने कळवू नये, असे त्याचे कलम ९ सांगते. कायद्याने मार ओळखला, पण रिपोर्ट लपवण्यापलीकडे हे कलम जात नाही.

मग दाद कुठे मागायची? २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा लग्नासारख्या नात्यालाही संरक्षण देतो. परंतु २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने त्या नात्याला अशा अटी घातल्या, की मालकाची लग्नाची बायको गावाकडे असली की हिचा दावा लटका पडतो. पोलीस ठाण्यात तर 'धंदेवालीला कसला आलाय नवरा' इथूनच सुरुवात. पोलिसांनी या स्त्रियांशी सन्मानाने वागावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा १९ मे २०२२ चा आदेश आहे. तो किती ठाणेदारांनी वाचला असेल?

ॲट्रॉसिटीची फिर्याद नोंदवायला आमचा कार्यकर्ता मध्यरात्री ठाण्यात जाऊन बसतो. या बाईबरोबर जायला त्याला अडचण कसली? मारणारा कधी कधी आपल्याच वस्तीतला असतो, हीच ना?